निम्म्या सरीत तोडलेलं पाणी

अंजना बंडगर वर्गात आली की आधी पंखा बंद करायची. पंख्याच्या खडखडाटावर आवाज चढवणं तिला मान्य नव्हतं. उकाड्यात बसलेली साठ पोरं दोन मिनिटांत गप्प व्हायची. मग ती फळ्यावर एकच चौकोन काढायची.

"हा प्रोसेसर. एका वेळी एकाचंच काम करतो. काम मागणारे चाळीस आहेत, आणि चाळीसही जणांना वाटतं, हा फक्त आपल्यासाठी बसलाय. हे त्यांना वाटायला कोण लावतं, ते या सत्रात शिकायचं. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. नाव मोठं आहे, काम पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याचं आहे."

कॉलेज महामार्गाच्या कडेला, उंब्रजपासून चार किलोमीटरवर. साताऱ्याची पोरं एसटीनं यायची, आसपासच्या गावांतली दुचाकीवर तिघं-तिघं बसून. निम्म्याहून जास्त घरं उसाची. कुणाचा काका फौजेत, कुणाचा आजा फौजेतून परतलेला. अंजना मात्र जत तालुक्यातल्या माळावरची. तिचे वडील गुंडा बंडगर दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, आणि शाळेला सुट्टी असली की अंजना बरोबर असायची. या पोरांच्या आजोबांनी बांधावरून ज्या मेंढक्यांना हाकललं असेल त्यांत आपलीही माणसं असतील, हे तिला ठाऊक होतं. ते तिनं लपवलं नाही आणि मिरवलंही नाही.

सांगलीला इंजिनिअरिंगला गेल्यावर तिला पहिल्यांदा यंत्र उघडून बघायला मिळालं. बाकीच्या मुली हिरव्या पाटीवरचे काळे तुकडे मोजत होत्या. अंजनाला वाटलं होतं, आपण इथं पूर्वी राहून गेलोय. मेंढरांच्या कळपात असतं तसंच कुणीतरी हाळी देतंय, कुणीतरी वळतंय, कुणीतरी वाट अडवून उभं आहे. त्या दिवसापासून हा विषय आपला, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही. नऊ वर्षं ती तोच शिकवत होती.

पण प्रॅक्टिकलची पद्धत तिला नऊ वर्षं खुपत होती. छापील जर्नल, त्यात दहा प्रयोग, दहांचीही उत्तरं मागच्या वर्षीच्या पोरांकडून उतरवलेली. परीक्षक पानं उलटायचे, सही करायचे आणि चहा घ्यायचे. गेल्या जूनमध्ये ती प्राचार्यांसमोर जाऊन बसली.

"यंदा जर्नल नको, सर. पोरं स्वतः सिस्टीम लिहितील. दोघादोघांची जोडी. अगदी लहान, पण रिकाम्या यंत्रावर उभी राहणारी."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "आपली पोरं?"

"आपलीच. दुसरी कुठून आणू?"

ते हसले नाहीत. बाहेरचा परीक्षक रिपोर्टात 'हे चालू ठेवावे' असं लिहील तरच पुढच्या वर्षी परवानगी, नाहीतर परत जर्नल, आणि अंजनानं पहिल्या वर्षाला बेरजा-वजाबाक्यांचे प्रोग्रॅम शिकवायला जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. अंजना "चालेल" म्हणून उठली. लॅबकडे जाताना तिची दोनदा पायरी चुकली, ते कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात प्रोग्रॅमांच्या पाळीचा, म्हणजे शेड्यूलिंगचा, धडा आला. अंजनानं फळ्यावर नदी काढली, नदीवर मोटार, मोटारीपासून पाट आणि पाटाला चाळीस दारं.

"पाणी एक, रानं चाळीस. प्रत्येकाला ठरलेली वेळ. वेळ संपली की पाटकरी येतो. तो विचारत नाही. याचं दार बंद करतो, पुढच्याचं उघडतो. यंत्रात ही वेळ टायमर सांगतो. टायमरची घंटा वाजली की सिस्टीम चालत्या प्रोग्रॅमकडून प्रोसेसर काढून घेते."

मागच्या बाकावर वीरधवल होता. घरी नऊ एकर ऊस, आणि गडी मिळाला नाही की स्वतः फावडं घेऊन उतरणारा. तो हळूच म्हणाला, "आमच्या पाटकऱ्यानं असं केलं तर आजी त्याला फावड्यानंच हाणंल." वर्ग हसला. अंजनाही हसली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. हे हसणं तिला डिसेंबरात आठवणार होतं.

वीरधवलची जोडी रेश्माशी होती. ती सांगलीची, वडील हळदीच्या पेठेत हमाल. वीरधवल विचार करत बसे तेव्हा ती टाइप करून मोकळी होई. सिस्टीमला 'पाटकरी' हे नाव तिनंच दिलं. नोव्हेंबरअखेर त्यांचा पाटकरी एका जुन्या यंत्रावर पेन ड्राइव्हवरून उभा राहिला. चार प्रोग्रॅम एकदम चालवून दाखवायचा: एक आकडे मोजणारा, एक घड्याळ दाखवणारा, एक पडद्यावर रेघ सरकवणारा आणि एक टाइप केलेली अक्षरं झेलणारा. अंजना रोज येऊन बघायची. चारही चालताना दिसायचे. ती पुढच्या जोडीकडे जायची.

डिसेंबरात परीक्षेच्या दिवशी सांगलीहून हंबीरराव घोरपडे सर आले. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी चहा नको म्हटलं, जर्नल मागितलं नाही. खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढला आणि विचारलं, "सगळ्यात बरी जोडी कुठली?"

अंजनानं वीरधवल आणि रेश्माकडे बोट दाखवलं.

सर पंधरा मिनिटं उभे राहून पडद्याकडे बघत राहिले. घड्याळ चालत होतं, आकडे वाढत होते. मग ते म्हणाले, "छान. आता पाचवा माझा घ्या."

पाचवा प्रोग्रॅम चार ओळींचा. तो काही मागत नव्हता, काही दाखवत नव्हता. नुसता गोल गोल फिरत राहायचा, अखंड. रेश्मानं तो चढवला आणि चालू केला.

घड्याळ थांबलं. आकडे चारशे बारावर थिजले. रेश्मानं तीन-चार कळा दाबून बघितल्या. अक्षर उमटलं नाही.

"टायमरची घंटा वाजते का?" सरांनी विचारलं.

"वाजतीय सर," वीरधवल म्हणाला.

"मग?"

"घंटा वाजली की आमी त्याला खूण करतो, तुझी वेळ झाली म्हणून. मग तो हातातलं काम पुरं करून सोडतो."

"आणि यानं नाही सोडलं तर?"

वीरधवलला प्रश्नच कळला नाही. "सोडतोय की सर. सरी निम्म्यात कोण तोडतंय?"

"म्हणजे?"

"म्हंजे, उसाच्या सरीत पाणी निम्म्यापर्यंत गेलं आणि पाळी संपली, तर पाटकरी थांबतोय. सरी भरू देतोय. निम्म्यात तोडलं तर पुढचा निम्मा ऊस कोरडाच की. कुणीच तोडत न्हाई. सगळ्यांवरच कवातरी ती वेळ येती."

बाकीच्या जोड्यांतली पोरं एकेक करून मान खाली घालून स्वतःच्या पडद्याकडे बघू लागली, आणि अंजनाला कळलं की त्यांनीही हेच केलंय. चार महिने सगळ्या पोरांनी आपापल्या सिस्टीमला ही माणुसकी शिकवली होती. त्यांचे स्वतःचे प्रोग्रॅम त्यांच्यासारखेच होते, सरी भरली की दार सोडणारे. म्हणून रोज सगळं चालताना दिसत होतं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" घोरपडे सरांनी विचारलं.

रेश्मानं वीरधवलकडे बघितलं.

"मी," अंजना म्हणाली.

दारात प्राचार्य येऊन उभे होते. तिनं त्यांना पाहिलं आणि तरी बोलायची थांबली नाही. "पाण्याच्या पाळीचं उदाहरण माझं, सर. पाटकरी विचारत नाही, असं मी सांगितलं होतं. तो थांबतो, हे मला माहीत नव्हतं. उसाचं पाणी मी बांधाच्या बाहेरून बघितलंय. यांनी माझं वाक्य घेतलं नाही, त्यांना जे खरं माहीत होतं ते घेतलं. चूक त्यांची नाही."

"चूक कुणाची हे मी लिहीत नाही," सर म्हणाले. "सिस्टीम चालते की नाही, ते लिहितो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

प्राचार्यांनी घसा साफ केला. त्या आवाजात जर्नलची दहा छापील पानं होती.

"परीक्षा एक वाजेपर्यंत आहे, सर," अंजना म्हणाली. तिचा आवाज रोजच्याच पट्टीत होता. "आता बारा वीस झालेत."

घोरपडे सरांनी घड्याळ बघितलं. "तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"उत्तर सांगायचं नाही. प्रश्न विचारा. तोंडी परीक्षा समजू."

अंजना वीरधवलच्या समोर स्टूल ओढून बसली. पाण्याचं उदाहरण तिनं सोडून दिलं. उसन्या उदाहरणानं तिला एकदा फसवलं होतं.

"तुमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवता?"

"व्हय. दरसाल."

"रस्त्यानं जाताना बघितलीस? एखादं मेंढरू बांधावरचं झुडूप ओरबाडतंय आणि मेंढक्यानं हाळी दिली. मेंढरू काय करतं?"

"वळतं की."

"झुडूप संपवून?"

"छ्या! तसं केलं तर काठी बसंल." वीरधवल हसला, मग हसायचा थांबला. "तोंडात घास हाय तसाच घेऊन पळतं."

"आणि पुढं थांबल्यावर?"

"तोच घास चावत राहतं. जिथनं सोडलं तिथनं."

"मेंढक्यानं त्याला विचारलं?"

"न्हाई." तो पडद्याकडे वळला. "मॅडम, आमी त्याला खूण करतोय हेच चुकतंय. त्याला सांगायचंच न्हाई. घंटा वाजली की—"

"सरक बाजूला," रेश्मा म्हणाली आणि कीबोर्ड पुढ्यात ओढला. "बोलत काय बसलाय! घास म्हंजे रजिस्टर, चालू कामाचे आकडे ठेवायचे कप्पे. आधी त्याच्या तोंडातलं सगळं जपून ठेवायचं, मग वळवायचं. ठेवायचं फंक्शन आपण लिहिलंयच, नुसतं घंटेच्या आत आणायचंय."

"नुसतं म्हणं. घंटेच्या आतून परत जायची वाट वेगळी असती."

"मग सांग की वाट. तोंडाला कुलूप घातलंय?"

दोघं भांडत लिहू लागली. घोरपडे सर खुर्ची ओढून त्यांच्या मागे बसले. प्राचार्य दारातच राहिले, कुणी त्यांना या म्हणालं नाही.

बारा एक्केचाळीसला त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. पाचवा प्रोग्रॅम चढवला. घड्याळ चाललं. मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि तेवढ्यात आकडे मोजणारा प्रोग्रॅम एकशे सहावरून एकदम अकरा आकडी संख्येवर गेला.

"घास पडला कुठंतरी," वीरधवल पुटपुटला.

अंजनाला चूक दिसली होती. सगळं जपून ठेवलं होतं, एक रजिस्टर सोडून. ते नाव तिच्या जिभेवर आलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि फक्त विचारलं, "किती ठेवले आणि किती काढले?"

रेश्मा बोटांवर मोजू लागली. सातव्या बोटावर थांबली आणि वीरधवलच्या दंडावर जोरात चापट मारली. "तू सांगितलेला एक मी खाल्ला!"

"आणि मार मलाच!"

बारा बावन्नला पाची प्रोग्रॅम चालू झाले. घड्याळ, आकडे, रेघ, अक्षरं, आणि सरांचा तो आडमुठा, गोल फिरणारा. आपल्याला कुणीतरी अडवलं, बाजूला ठेवलं, परत सोडलं, याची त्या पाचव्याला काही खबर नव्हती. तो फिरतच होता, जणू सगळा काळ त्याचाच आहे. माणसाला असं जमत नाही, असं अंजनाच्या मनात आलं. अडवलेला माणूस अडवल्याची जागा बरोबर घेऊन फिरतो. पण आता त्याचा विचार करायची वेळ नव्हती, सर पेन ड्राइव्हमधून सहावा प्रोग्रॅम काढत होते.

सहावाही चालला. त्यांनी सातवा काढला नाही.

"पंचवीसपैकी एकोणीस," ते म्हणाले. "परीक्षेत शिकलेलं मी परीक्षेआधी शिकलेल्याइतकं धरत नाही."

"सर, चाललं की पण!" वीरधवल म्हणाला.

"एकोणीस बरोबर आहेत," अंजना म्हणाली.

मग सरांनी रिपोर्ट लिहायला घेतला. प्राचार्य अखेर आत आले आणि खांद्यावरून वाचू लागले. अंजनानं वाचलं नाही, पण सरांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं: "हे प्रात्यक्षिक चालू ठेवावे. प्रत्येक जोडीच्या सिस्टीमवर एक प्रोग्रॅम परीक्षकाचा असावा, आणि तो आगाऊ दाखवू नये." त्यांनी सही केली. "पुढच्या वर्षी मला बोलवा. याहून वाईट घेऊन येतो."

प्राचार्यांनी कागद हातात घेतला, दोनदा बघितला. "म्हणजे मॅडम, पुढच्या जूनपासून परत हेच?"

"हेच, सर. फक्त लॅबला दुपारचा वेळही लागेल. आणि तिसऱ्या आठवड्यातला पाळीचा तास मी एकटी घेणार नाही. वीरधवल येईल. सरी का तोडत नाहीत ते तो सांगेल, यंत्रात ती का तोडावी लागते ते मी सांगेन."

वीरधवल खुर्चीतून अर्धा उठला. "आवं मॅडम, मी? साठ पोरांसमोर? मला लय बोलता येत न्हाई."

"बोलता येत न्हाई म्हणं," रेश्मा वायर गुंडाळत म्हणाली. "चार महिने माझं डोकं कुणी खाल्लं मग?"