शेळगावचा कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही, आणि तो तर माझ्या पोटातलं न विचारता ओळखायचा. प्रार्थनेत सांगितलं असेल म्हणाल — तर तिथंही नाही. देवापुढं दरवेळी मी 'माझ्या चुका पदरात घे' एवढंच म्हणते. कोणत्या चुका, ते सांगत नाही. मोघम बोलण्यात माझा हातखंडा आहे, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

आता सांगते. सरळ जमेल असं वाटत नाही, थोडं फिरून यावं लागेल. तेवढं सोसा.

मी बारामतीची. शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले, तरी आमच्या चर्चमध्ये अजून सगळे मला टीचरच म्हणतात. नवरा गेला. मुलगी पुण्यात, तिच्या व्यापात. आठवडाभर घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो. रविवारी नऊ ते अकरा एवढाच वेळ माणसं माझ्याशी हात मिळवतात, 'सलाम टीचर' म्हणतात, गुडघ्याची चौकशी करतात. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे. निमित्त म्हणून नाही हो — निमित्तं शोधायची तर मला भरपूर सापडतील.

काही वर्षांपूर्वी आमच्या पंथाच्या वरिष्ठांनी ठरवलं की प्रत्येक विभागानं पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचा. 'सामायिक दृष्टी' हा शब्द तेव्हा इतका फिरला की पाळकसाहेब जेवणाआधीच्या प्रार्थनेतसुद्धा तो घालायला लागले. आमच्या विभागाच्या समितीत लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. अक्षर चांगलं, भाषा चांगली, वेळही होता. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं बघून म्हणालं होतं, 'हे तुम्हीच करायचं.'

पद्धत चांगली होती. आराखडा वरून खाली यायचा नव्हता, खालून वर जायचा होता. गावोगावच्या मंडळ्यांत — मंडळी म्हणजे आमच्यात त्या गावचे चर्चचे सगळे लोक — जाऊन बसायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. आज तुमच्या मंडळीत चांगलं काय आहे? उणीव कशाची आहे? दहा वर्षांनी तुम्हाला काय बघायचं आहे? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहायची आणि तिथंच वाचून दाखवायची. मग बारामतीच्या मोठ्या सभेत एकेका मंडळीचा कागद वाचला जाणार, आणि ज्यांचा कागद असेल त्यांनी उभं राहायचं. सही नाही, अंगठा नाही. वाचता येणारी माणसं थोडी होती, तेव्हापासूनची आमची ही चाल. उभं राहिलं म्हणजे 'हे बोलणं आमचं'. आणि एकदा उभं राहिलं की मागं फिरायचं नाही, असा रिवाज.

मी हिंडले. इंदापूर झालं, भिगवण झालं. डाळजला तर अख्खी दुपार लाऊडस्पीकरचं तोंड कुणीकडं असावं यावर गेली. तिथंच शमुवेल आबा भेटले. आबा शेळगावच्या मंडळीचे वडीलजन, म्हणजे पाळक नसेल तेव्हा उपासना चालवणारे. बायको गेलेली, वय सत्तरीच्या पुढं. लेकीकडं आले होते, म्हणून डाळजच्या बैठकीत मागं बसले होते. मी निघताना काठी टेकत फाट्यापर्यंत आले.

"टीचर, मी चार दिस हितंच हाय," ते म्हणाले. "मी गेलो की मग या आमच्याकडं. समद्यांना गोळा करतो. मंडळीचं एक सांगायचं हाय मला. लई दिस मनात हाय."

मी म्हटलं, "येते आबा, नक्की."

शेळगावची मंडळी म्हणजे सहा घरं. पत्र्याचं छोटं चर्च, आणि बाहेर लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. घंटा तीच. ती वाजवायच्या आबांच्या भावजय, रत्नाबाई. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांचा नवरा, आबांचा धाकटा भाऊ, लवकर गेला. तेव्हापासून आबा जेवायला त्यांच्याकडं. दोन म्हातारी माणसं, मधे एक भिंत, आणि दोन्ही वेळची भाकरी भिंतीच्या पलीकडून यायची. सहा घरांच्या त्या चर्चचा खरा खांब कोणता होता, ते मला लोकांकडून ऐकून आधीपासून ठाऊक होतं. बघा, ठाऊक होतं मला.

माझ्या शेळगावच्या तारखेला मी डेपोत गेले. समितीला नंतर मी सांगितलं की गाडी अगदी उशिरा मिळाली, बैठक घाईत झाली. खोटं. गाडी वेळेवर लागली होती. कंडक्टरनं दोनदा ओरडून 'शेळगाव' म्हटलं. मी बाकावर बसून होते, आणि गाडी माझ्यासमोरून गेली. ऊन होतं, हो. गुडघा दुखत होता, तेही खरं. पण त्यासाठी नाही बसले. माझ्या डोक्यात आराखडा आधीच तयार झाला होता. छोट्या मंडळ्या मोठीत घ्यायच्या, रविवारी गाडी पाठवून माणसं आणायची, तरुणांना मोठी मंडळी मिळेल. मला ते छान वाटत होतं. पिशवीत त्याचा कच्चा मसुदासुद्धा होता. आणि आबांना 'एक सांगायचं' होतं. ते माझ्या मसुद्यात बसलं नाही तर काय? सगळं पुन्हा लिहायचं?

मग मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि डेपोच्या बाकावर बसून शेळगावची उत्तरं लिहिली.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. नाही. अजून यायची आहे.

लिहिलं तेही त्यांच्या बोलीत. 'आमी सहा घरं. समदी म्हातारी. पोरं शिकाय बाहेर गेली. आमाला मोठ्या मंडळीत घ्यावं, रविवारी गाडी धाडावी. हितलं चर्च बंद झालं तरी चालंल.' तीस वर्षं मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासल्या होत्या मी. कुणाच्या तोंडी काय शोभतं ते मला कळायचं. ते 'चालंल' लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले. हुबेहूब उतरलंय, असं वाटलं. समोर उसाच्या रसाची गाडी होती, तिथं जाऊन एक ग्लास प्यायले आणि घरी आले.

सभा झाली. शेतात वांग्यांचा तोडा चालू होता, त्यामुळं शेळगावहून एकटे आबाच आले होते. धुतलेला पांढरा सदरा, टोपी हातात. त्यांना मी गेलेच नाही हे कळणार कसं? चार दिवस ते गावात नव्हते, तेव्हाच मी येऊन गेले असेन असं त्यांना वाटणार. परत गेल्यावर वाट बघत राहिले असतील. कागद मीच वाचत होते. 'शेळगाव' म्हटलं तेव्हा ते जरा सरसावून बसले, ऐकायला. मी वाचत गेले. वर बघितलं नाही. 'बंद झालं तरी चालंल' म्हटल्यावर मात्र बघावं लागलं, कारण मंडळीनं उभं राहायचं होतं.

आबा बसलेलेच होते. शेजारच्यानं त्यांना कोपरानं हलवलं. मग ते उभे राहिले. काठीवर दोन्ही हात ठेवून, हळूहळू. माझ्याकडं बघत होते. सभागृहात टाळ्या झाल्या. छोट्या मंडळीनं केवढा मोठा त्याग केला, म्हणून.

सभा सुटल्यावर ते माझ्याजवळ आले. इथंच आहे ते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"टीचर," ते म्हणाले, "तुमी कवा आला हुता?"

त्या क्षणीसुद्धा वेळ होती. 'आलेच नाही आबा' — तीन शब्द. कागद फाडता आला असता. समितीसमोर माझी नाचक्की झाली असती, चार दिवस चर्चा झाली असती, संपलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही डाळजला होतात ना, तेव्हा."

"कोण कोण हुतं?"

"होते सगळे."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग अगदी हळू विचारलं, "रत्ना बी?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," आबा म्हणाले, आणि गेले.

तो 'हो'. कागद आळसानं लिहिला, घमेंडीनं लिहिला म्हणा. पण 'हो' मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. ते काय विचारतायत ते मला पुरतं कळलं होतं. माझ्या माघारी, माझ्याच घरच्या माणसानं, जिच्या हातची भाकरी मी खातो तिनं, असं म्हटलं का? आणि मी हो म्हटलं, स्वतःची अब्रू वाचवायला.

पुढचं तुम्हीच ओळखाल. गावात बातमी पोचली ती अशी, की आबा सभेत उभे राहिले. सहा घरांनी एकच अर्थ काढला: डाळजला बसून, कुणाला न विचारता आबांनी चर्च देऊन टाकलं. आणि टीचर खोटं बोलेल हे आबांच्या मनातही आलं नाही, त्यांनी कुणाला खोदून विचारलं नाही; त्यांना वाटत राहिलं, यांनी सगळ्यांनी मिळून दिलं आणि आता नामानिराळे होतायत. आमची गाडी रविवारी शेळगावला जायला लागली. मी बारामतीत दारात स्वागताला उभी असायचे. गाडी थांबली की आबा पुढच्या दारानं उतरायचे, रत्नाबाई मागच्या. पहिल्याच रविवारी मला कळलं.

रत्नाबाईंनी एकदा आपणहून सांगितलं. "म्या इचारलं त्यांना, तुमी उभं राहिला का न्हाय? ते म्हनले, राहिलो. मग टीचर, बोलायचं काय उरलं?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काही केलं नाही. आबांनी भिंतीपलीकडची भाकरी बंद केली होती. स्टोव्हवर खिचडी करून खायचे म्हणे.

आराखड्याच्या दुसऱ्या टप्प्यात गाडी बंद झाली. ते कलमही माझ्याच अक्षरात आहे. मग शेळगावचं कुणी येईना. इकडं आमचा आराखडा मात्र दुसऱ्या विभागांत नमुना म्हणून दाखवला गेला. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. ती कपाटात आहे. थंडीतही मी ती वापरत नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

आबा मागच्या वर्षी गेले. मातीला मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी शेळगावच्या गाडीत बसले, त्या दिवशी. रत्नाबाईंनी कमरेची किल्ली काढून चर्च उघडलं होतं, झाडून घेतलं होतं, आणि आबांना तिथंच आणून ठेवलं होतं. रुळाचा तुकडा त्यांनी स्वतः वाजवला. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. छान बोलले. बायका रडल्या.

नंतर रत्नाबाई मला पायरीवर घेऊन बसल्या.

"दर रविवारी हितं येऊन बसायचं ते," त्या म्हणाल्या. "दार बंद, तरी. टोपी हातात धरून तासभर. मी माझ्या दारातनं बघायची. एकदाबी उठून आले न्हाय मी." मग माझा हात धरून विचारलं, "टीचर, त्यांनी असं का केलं असंल वो?"

पुन्हा तीन शब्दांचं काम होतं. मेलेल्या माणसाच्या अंगणात, त्याच्या पायरीवर बसून. मी म्हटलं, "जाऊ द्या रत्नाबाई. माणूस होता."

म्हणजे मी त्यांना माफ केलं, बघा. मी, आबांना.

का नाही बोलले, हे मला ठाऊक आहे. कारण फार लहान आहे. बोलले असते तर पुढच्या रविवारी दारात माझ्याशी कुणी हात मिळवला नसता. नऊ ते अकरा. दोन म्हाताऱ्या माणसांचं जे मी काढून घेतलं, तेच माझं जाईल, याची मला भीती होती. अजून आहे. घरात बसले की मला आबा दिसतात, बंद दारासमोर टोपी धरून. मग मी रेडिओ लावते.

त्यांना मंडळीचं काय सांगायचं होतं, ते आता कधीच कळणार नाही. मी खूप अंदाज केले. मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची बायबलची शाळा, पुन्हा काढायची असेल, लिंबाखाली ओटा बांधायचा असेल. पण हे पुन्हा मीच त्यांच्या तोंडी घालतेय. मला माहीत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं शेळगावचं उत्तर कुणी विचारलंच नाही.

रत्नाबाई आहेत. अजून आबांवर रागावलेल्या आहेत, आणि त्या रागापायी रडतात. हा कागद मी त्यांच्यासाठी लिहिलाय. या खेपेला बाकावर बसून नाही, आणि कुणाच्या बोलीत नाही. सकाळची शेळगावची गाडी साडेसातला आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणजे मलाच वाचून दाखवावा लागेल, 'हो' पर्यंत आणि त्याच्या पुढंही. वाचून झाला की ज्याचा कागद असेल त्यानं उभं राहायचं. मी उभी राहीन.