माझ्याच बोर्डावर नवी सभासद

बंगळूरला आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीसाठी. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, नोकरीलाही बरोबरच लागलो. मग त्याला इथल्या एका सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागात जागा मिळाली आणि मी माझी पुण्यातली नोकरी सोडली. तेव्हा त्यात फार काही गमावतेय असं वाटलं नाही. इथे दुसरी बघू, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. पुढे मुलगी झाली, आणि कारखान्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत माझे दिवस लंगोट वाळवण्यात आणि कुणीतरी मोठं माणूस बोलायला मिळेल का याची वाट बघण्यात जायला लागले.

अण्णांची ओळख झाली ती गणपतीच्या एका कार्यक्रमात. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी ते घरात बोलायचे, पण थोडं म्हणायला ‘स्वल्प’ आणि बरं म्हणायला ‘सरी’ असे कानडी शब्द त्यात इतक्या सहज यायचे की आपलंच मराठी अपुरं आहे असं मला वाटायचं. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला ‘अक्का’ म्हणायचे. त्यांना संगणकाचं वेड होतं. दुकानाच्या कामाला म्हणून घेतलेल्या मशीनला त्यांनी मॉडेम जोडला होता आणि घरचा फोन त्याला देऊन टाकला होता. ज्याच्याकडे संगणक आणि मॉडेम असेल त्याने त्या नंबरला फोन लावायचा, की अण्णांच्या मशीनशी गाठ. निरोप ठेवायचे, दुसऱ्यांचे वाचायचे, फायली उतरवून घ्यायच्या. एका वेळी एकच माणूस आत येऊ शकायचा, बाकीच्यांना एंगेज टोन. याला सगळे बोर्ड म्हणायचे.

अण्णांच्या बोर्डावर फायली म्हणाल तर मूठभर. मग अमेरिकेहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून त्यांच्याकडे सीडी यायला लागल्या. प्रत्येक सीडीत शेअरवेअरचे हजारो प्रोग्रॅम. शेअरवेअर म्हणजे आधी वापरून बघायचं आणि पटलं तर लिहिणाऱ्याला पैसे पाठवायचे. अण्णांनी सीडी ड्राइव्ह आणला, पहिली सीडी घातली, आणि बोर्डाला तिच्यातलं काहीच दिसेना.

“अक्का, तुम्ही इंजिनिअर,” ते मला म्हणाले. “हे जरा बघता काय?”

मी मुलीला कडेवर घेऊन बसने चिकपेटेला गेले. अण्णांच्या आईने मुलीला मांडीवर घेतलं आणि मी पडद्यासमोर बसले. घोटाळा सोपा होता. सीडीवर प्रोग्रॅमची यादी होती, पण तिची मांडणी एक आणि बोर्डाला समजणारी मांडणी दुसरी. पुढची सीडी आली तिची आणखी तिसरीच. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो कुठलीही यादी बोर्डाच्या मांडणीत बसवून द्यायचा. तो पहिल्यांदा नीट चालला तेव्हा लग्नानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. सीडीवरच्या याद्या बेभरवशाच्या होत्या. नाव असायचं, फाइल नसायची. वर्णन एकाचं, प्रोग्रॅम दुसराच. काहींत व्हायरस असायचा, आणि सीडीवरचं काही पुसता येत नाही, म्हणून असा प्रोग्रॅम यादीतून लपवावा लागायचा. मी अण्णांकडून सीडी घरी आणायचे, नवऱ्याने हप्त्यांवर घेतलेल्या संगणकावर एकेक प्रोग्रॅम चालवून बघायचे, विषयवार लावायचे आणि प्रत्येकाला एका ओळीचं वर्णन लिहायचे. तेही स्वतः चालवून बघितल्यावरच. ग्रहताऱ्यांच्या एका प्रोग्रॅमला लिहिलं होतं, ‘आकाश बरोबर दाखवतो, पण तुम्ही अमेरिकेत आहात असं धरून चालतो, बंगळूरचे अक्षांश-रेखांश आधी भरा.’ एका खेळाला लिहिलं, ‘सुरू होताच कर्कश वाजतो, घरात मूल झोपलं असेल तर आधी आवाज बंद करा.’

एका ड्राइव्हचे चार झाले. एस. पी. रोडच्या जुन्या सामानाच्या बाजारातून अण्णांनी एक पेटी आणली, तिच्यात ते एकाखाली एक बसवले आणि पंखा लावला. सीडी वाचायला वेळ लागतो, म्हणून सगळ्या याद्या मी हार्डडिस्कवर ठेवल्या, म्हणजे माणूस नुसता चाळत असेल तर ड्राइव्हला हातच लावायला नको. रोज दुपारी मुलगी झोपली की मी घरच्या मॉडेमवरून बोर्डाला फोन लावायचे आणि बोर्ड चालवणारी म्हणून आत जाऊन डागडुजी करायचे. फायलींच्या विभागाला सगळे लायब्ररी म्हणायचे, आणि बोर्डावर मी ‘ग्रंथपाल’ या टोपणनावाने होते. लोक निरोप ठेवायचे ते ‘डिअर सर’ म्हणूनच. शहराबाहेरच्या होसकोट्याचा एक शाळामास्तर होता. त्याला तिथून फोन लावणं परवडायचं नाही, म्हणून तो फ्लॉपी घेऊन बसने चिकपेटेला यायचा. मुलांना भूमिती शिकवायचा एक प्रोग्रॅम मी त्याच्यासाठी शोधून ठेवला होता. त्यानेही अण्णांजवळ चिठ्ठी ठेवली, ‘ग्रंथपाल सरांना नमस्कार सांगा.’ अण्णा हसले. “सांगू काय त्यांना, सर नाही, अक्का आहेत म्हणून?” मी म्हटलं, राहू दे. मला त्यात गंमत वाटायची.

नवऱ्याला या सगळ्याचं कौतुक होतं. तो कारखान्यातून आला की विचारायचा, आज काय सापडलं. मी सांगायचे, तो नीट ऐकायचा, मधे नेमके प्रश्न विचारायचा. कधी स्वयंपाक करता करता मी आतून बोलत असायचे आणि तो बाहेर मुलीला भरवत ऐकत असायचा. त्या वर्षभरातला आमचा संसार आठवला की मला हीच वेळ आठवते.

एका दुपारी मी नेहमीसारखा फोन लावला. मॉडेमची किरकिर झाली, जोडणी लागली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, ‘हे नाव नोंदलेलं नाही. आपण नवीन सभासद आहात का?’

मला वाटलं, टाइप करताना चुकले. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. शेवटी मी ‘हो’ म्हटलं, आणि माझ्याच बोर्डाने मला माझं नाव, पत्ता आणि व्यवसाय विचारला. मग खाली एक ओळ आली, की फायलींचा विभाग लवकरच एका कंपनीतर्फे सशुल्क सुरू होईल, तोपर्यंत नव्या सभासदांना फक्त निरोप वाचता येतील.

मी मुलीला उठवलं, शेजारी ठेवलं आणि चिकपेटेला गेले. अण्णा दुकानात गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. नोकराला पुढचं सांभाळायला सांगून ते मला वर घेऊन गेले. टेबलावर मशीन नव्हतं. ड्राइव्हची पेटी नव्हती. फोन मात्र आता भिंतीजवळच्या स्टुलावर साध्या फोनसारखा बसला होता.

“बोर्ड कुठाय, अण्णा?”

“कंपनीवाले घेऊन गेले की. काल संध्याकाळीच.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “नंबरपण त्यांच्याकडे वळवलाय. आता त्यांचे लोक बघतात सगळं.”

“आणि मला कुणी सांगायचं?”

अण्णांनी स्टुलावरचा फोन उगाच सरळ केला. मग म्हणाले, “अक्का, तुमच्या यजमानांनी सांगितलं नाही काय?”

तोपर्यंत माझा राग अण्णांवर होता. तो एकदम कुठे ठेवायचा तेच मला कळेना.

“त्यांनी काय सांगायचं होतं?”

“सगळं त्यांनीच ठरवलं ना. कंपनीवाल्यांना माझ्याकडे तेच घेऊन आले. त्यांना तिथे मोठी जागा मिळतेय, लायब्ररीवरच मिळतेय. मी विचारलं, अक्कांना विचारायला नको काय? तर म्हणाले, मी घरी बोलतो, तुम्ही सांगू नका. नवराबायकोच्या मधे मी कसा पडू?”

“पण अण्णा, तुम्ही माझ्याशी रोज बोलत होतात. मागच्या आठवड्यात मी नवी सीडी लावून गेले. तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“होतं,” ते म्हणाले.

त्यांच्या आई कॉफी घेऊन आल्या. मी ती घेतली नाही. त्या म्हातारीचा यात काही दोष नव्हता, पण त्या घरातलं काही तोंडात घालणं मला शक्य नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला बूट काढू दिले, पाणी दिलं आणि म्हटलं, “मी चिकपेटेला जाऊन आले.”

तो बसला. “मी सांगणारच होतो.”

“कधी?”

“सगळं नक्की झाल्यावर. तू मधे काहीतरी बोलली असतीस आणि फिसकटलं असतं. तुला ते फार जवळचं आहे, मला माहीत आहे.”

“माहीत होतं म्हणून सांगितलं नाहीस?”

“हे बघ, कारखान्यात मी अजून वीस वर्षं घासली तरी जिथे पोचणार नाही, तिथे हे लोक मला आता बसवतायत. ते तिघांसाठीच आहे ना? मी काय एकटा खाणार आहे?”

मी विचारलं, “त्यांनी लायब्ररी कुणी केली विचारलं, तेव्हा काय म्हणालास?”

“त्यांनी तसं विचारलंच नाही.”

“मग काय विचारलं?”

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. “त्यांनी विचारलं, ग्रंथपाल तुम्हीच का.”

त्याने काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. त्याला जागा मिळाली होती.

महिन्याभराने कंपनीचा उद्घाटनाचा कार्यक्रम झाला. मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही, बहुतेक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, आणि एका कोपऱ्यात माझी पेटी, तोच पंखा, वर कंपनीच्या नावाची पट्टी. लोक नवऱ्याचा हात हातात घेऊन बोलत होते. एक वयस्कर गृहस्थ आले. ते बोर्डाचे जुने सभासद होते. इंग्रजीत म्हणाले, की त्यांच्या नातवासाठी त्यांनी एक खेळ उतरवला होता, आणि घरात मूल झोपलं असेल तर आवाज बंद करा ही ओळ वाचून ते चकित झाले होते. इतका विचार करणारा इंजिनिअर त्यांनी बघितला नव्हता.

नवरा म्हणाला, “आमची मुलगी तेव्हा तान्ही होती.”

मी शेजारीच होते. मी म्हटलं, “ती ओळ मी लिहिली आहे. सगळ्याच ओळी मी लिहिल्या आहेत.”

मी अगदी साध्या आवाजात बोलले. ते गृहस्थ माझ्याकडे बघून प्रसन्न हसले आणि नवऱ्याला म्हणाले, “सगळ्यांच्या घरी असंच असतं. माझी बायकोपण म्हणते, माझी पेन्शन तिनेच कमावली.” नवरा हसला. त्याने हसायला नको होतं. तो गप्प राहिला असता तरी मी पुढे पुष्कळ विसरले असते.

परतताना रिक्षात तो म्हणाला, “सगळ्यांसमोर ते बोलायची गरज होती का?” मी मांडीवर झोपलेल्या मुलीचं स्वेटर नीट केलं आणि बाहेर बघत राहिले.

कंपनीची ती सशुल्क सेवा फार टिकली नाही. शहरात इंटरनेट आलं आणि एकेका नंबरला फोन लावून फायली उतरवायची कुणाला गरज उरली नाही. नवऱ्याचं मात्र बस्तान बसलं. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, दर वेळी वरच्या जागेवर. अण्णा मुलीच्या वाढदिवसाला आईला घेऊन यायचे, तिला परकराचं कापड आणायचे, आणि माझ्याशी बोलताना ‘अक्का’ म्हणायचे. मी चहा करायचे. त्यांनी एकदा दारात थांबून विचारलं, “अजून राग आहे काय?” मी म्हटलं, “आहे, अण्णा.” ते “सरी” म्हणाले आणि जिना उतरले. पुढच्या वर्षीही आले.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात अर्ज केला. त्यांना पुस्तकांबरोबर सीडींचा साठा संगणकावर लावणारं कुणी हवं होतं. आधी काय केलंय, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी बोर्डाबद्दल सगळं सांगितलं, आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नाही हेही सांगितलं. समोरच्या बाईंनी विचारलं, दोन सीडींवर एकच प्रोग्रॅम वेगळ्या नावाने असेल तर तुम्ही काय करता? मी पाऊण तास बोलले. सोमवारपासून या, त्या म्हणाल्या.

तिथे मी निवृत्त होईपर्यंत राहिले. आमचा संसारही राहिला. तो वाईट माणूस नव्हता. माझ्या आजारपणात त्याने रजा घेतल्या, मुलीच्या अभ्यासाला तोच बसायचा, आणि चारचौघांत माझ्या नोकरीचं कौतुकही करायचा. ग्रंथालयातून घरी आले की त्याने विचारायचं, आज काय नवीन. मी म्हणायचे, काही नाही, रोजचंच. सुरुवातीला तो पुन्हा एकदा विचारायचा. नंतर त्याने विचारणं सोडलं, आणि मलाही ते बरं वाटलं.