आभासी कणांवरून धरलेला अबोला

वाशीमच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. मास्तरांच्या खोलीत बारा वर्षं काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे कोटाला चिकटूनच घरी येतात! हे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतले.

*

सायन्सचे देशमुख मास्तर नागपूरहून नवं काही वाचून आले, की सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. एकदा म्हणाले, "दिव्याच्या प्रकाशाचे जे कण डोळ्यात शिरतात, ते खरे. पण दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, तेव्हा मधे ज्या कणांची देवघेव होते, ते कोणत्याच यंत्रात सापडत नाहीत. ते आभासी!"

"मग आहेत कशावरून?" मी विचारलं.

"इलेक्ट्रॉन ढकलले जातात म्हणून!"

दारातून हेडमास्तर म्हणाले, "घंटा होऊन दहा मिनिटं झाली. तुमच्या वर्गात सध्या मास्तर कोणत्या प्रकारचे आहेत?"

*

शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांनी देशमुखांना विचारलं, "हे कण विद्यार्थ्यांना दाखवलेत का?"

"साहेब, दाखवता आले तर ते आभासी कसले?"

साहेबांनी शेरा लिहिला : 'सायन्सची उपकरणं अपुरी.'

*

इंझोरी गावचे एक पाटील मुलाच्या चौकशीला आले. देशमुखांकडून कणांचं सगळं ऐकून म्हणाले, "मास्तर, त्याले खरेच कन शिकवा. खोटं त्याले घरीच येते!"

आम्ही हसलो. देशमुख हसले नाहीत. घरी जाताना हळूच म्हणाले, "आभासी म्हणजे खोटं नव्हे हो. हे मला कोणालाच समजावता येत नाही."

*

गणिताचे कुलकर्णी मास्तर त्यांचे जिवलग. तेही एकदा म्हणाले, "हे कण म्हणजे गणिताची सोय. उत्तर येईपर्यंत धरायचे, मग पुसायचे."

देशमुख भडकले. "मला नागपूरला जाऊन वाचायला मिळतं, तुम्हाला नाही, म्हणून पोटात दुखतंय!"

कुलकर्णी उठून गेले. चार महिने एकाच खोलीत दोघं पाठीला पाठ लावून डबा खात होते.

*

मग देशमुखांना हिवतापानं धरलं. आमचा शिपाई सखाराम रोज दुपारी त्यांच्याकडे जायचा. "कुलकर्णी गुर्जी इचारून राह्यले, ताप उतरला का म्हने."

परत येऊन कुलकर्णींना सांगायचा, "देशमुख गुर्जी म्हनत व्हते, तोंडातून भलतंच निंगालं."

आठव्या दिवशी कुलकर्णी त्यांच्या घरी गेले. देशमुखांचा हात धरून बसले.

देशमुख बरे झाल्यावर म्हणाले, "तुमच्या रोजच्या चौकशीनं धीर आला."

"माझ्या? मी एकही निरोप पाठवला नाही! तुम्हीच चूक कबूल केलीत."

"मी? कधी?"

कुलकर्णींनी सखारामला बोलावलं. "खरं सांग, निरोप कोणी दिले होते?"

"कोनीच नाही, गुर्जी," तो कुलकर्णींना म्हणाला. "पन तुमी गेले ना त्याइच्या घरी?"