दक्षिणेकडे वळणारं ताट

मधुसूदन देवपुजारी नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि भुताखेतांची टर उडवायचे. त्यांचं सारं आयुष्य एका प्रश्नामागे गेलं. स्फटिकाच्या पृष्ठभागाला इलेक्ट्रॉन चिकटले, की त्यांचं वर-खाली जाणं बंद. उरलेल्या दिशांतही स्फटिक दुजाभाव करतो. एका दिशेनं धावणं सोपं, दुसरीनं जड. मग इलेक्ट्रॉनांची गर्दी झाली, की एका दिशेच्या या ओढीचं काय होतं? ते एकमेकांना सगळीकडून सारखंच ढकलतात, म्हणून ओढ मऊ पडते, असं त्यांचं गणित सांगे. मऊ पडते, पण मुळातून जात नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांची बायको चारुशीला गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ताट फिरू लागलं. पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसावं, आणि हात धुवायला उठताना पाहावं तर पाट, ताट आणि ते स्वतः दक्षिणेकडे वळलेले. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्याच भिंतीशी चारुशीलाची शेगडी होती. मधुसूदनरावांनी फरशीचा उतार तपासला. फरशी सपाट निघाली, तेव्हा मात्र त्यांची गाळण उडाली.

थोरली बहीण यमुताई गांधीबागेतल्या घरून आली. तिनं एकदा त्यांचं जेवण पाहिलं.

"मधू, एकटा काहून राहून राहिला? मले हे चांगलं नाही दिसून राहिलं. चाल माझ्या घरी."

यमुताईचं घर म्हणजे गोकुळ. मुलं, सुना, नातवंडं, दुपारी भली मोठी पंगत. तिथे त्यांचं ताट जागचं हललं नाही. गर्दीत ओढ मऊ पडते, आपलंच गणित आपल्याला जेवू घालतंय, असं म्हणून मधुसूदनराव हसले. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग एका दुपारी भात वाढताना थोरली सून शामला थबकली. यमुताईच्या दोन्ही मुलांची ताटं दक्षिणेकडे किंचित कलली होती. दुसऱ्या दिवशी आणखी कलली. आईबाप जिवंत असताना दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वडील कधीच गेलेले. मुलांना आता आईच तेवढी होती.

"पोट्टे वाकडे बसतात गा, दुसरं काय!" यमुताई हसली. हसताना तिला धाप लागली. पूर्वी लागत नसे.

मऊ पडलेली ओढ जाते कुठे, हे मधुसूदनरावांनी गणिताला कधी विचारलंच नव्हतं. ते अर्ध्या जेवणावरून उठले आणि पिशवी भरू लागले.

"काहून गा? आमचं काही चुकलं काय?"

"नाही ताई. माझं आहे ते माझ्यापाशीच राहू दे."

दोन दिवसांनी त्यांच्या घरी शामलाचा निरोप आला. ताटं सरळ झाली होती, सासूबाईंची धापही थांबली होती. मधुसूदनरावांना रडू कोसळलं. मग डोळे पुसून त्यांनी पाट मांडला, यावेळी आपणहून दक्षिणेकडे.

समोरच्या शेगडीत चारुशीला गेल्यापासून कोळसा पडला नव्हता. तरी चेहऱ्याला ऊब लागत होती. त्यांनी पाट थोडा पुढे सरकवला.