घाटाखालचं पाणी आणि बाबांचा बंब

जानेफळहून मी निघाले त्या सकाळी माझ्याआधी बंब यष्टीत चढला. अंघोळीचं पाणी तापवायचा, नवाकोरा, तांब्याचा, कमरेइतका उंच. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. माझे बाबा म्हणाले, "टपावर तू बैस. बंब आतच राहीन." आणि खामगाव येईपर्यंत त्यांनी तो दोन गुडघ्यांत धरून ठेवला. माय दारातच राहिली होती. रडता रडता तिचं एकच चाललं होतं, "चमकता ठेवजो वो माय, लोक पयले बंब पाहातेत." तेवढं एक मी गाठीला बांधलं आणि त्यानंच माझा घात केला.

सुमे, तुझ्या नवऱ्याला घाटाखाली नांदुऱ्याला नोकरी लागली आणि तुम्ही पुढच्या महिन्यात तिकडे बिऱ्हाड करणार, असं तुझ्या बापानं, म्हणजे माझ्या भावानं कळवलं. म्हणून तुझी आत्या हे लिहायला बसली. मला कोणी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर इतकी चिडचिड वाचली असती.

माझ्या नवऱ्याला, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, मलकापूरच्या एका शाळेत नोकरी लागली होती. महाराष्ट्र नुकताच झाला होता, जो तो नव्या राज्याच्या गोष्टी करायचा. आमचं राज्य म्हणजे दोन खोल्या, छोटंसं अंगण आणि अंगणात नळ. आमचा एकट्याचा नळ! हे बाबांसाठी काय होतं ते तू ऐकलं आहेस, पाहिलं नाहीस. गावच्या विहिरीवर आम्ही घागरी घेऊन लांब उभ्या राहायचो. कोणाला दया आली की वरून ओतायचे, नाही आली की ऊन उतरेपर्यंत उभंच. दीक्षा घेतल्यावर बाबांनी आणि आणखी चौघांनी आमच्या वस्तीत विहीर खोदली. पाणी लागलं तेव्हा बाबा खाली चिखलात बसून रडले होते.

तर मलकापुरात पोचल्यावर त्यांनी बंब खाली ठेवला आणि थेट नळाशी गेले. तोटी सोडली, बंद केली, पुन्हा सोडली. मग ओंजळ धरून प्यायले.

"कसं हाय बाबा?"

"गोड हाय," ते म्हणाले. "आपल्या हातानं तोटी सोडाची, कोनाची वाट नाही पाहाची. राज केलं बाई तू."

दुसऱ्या दिवशी ते घाट चढून गेले आणि साऱ्या जानेफळात सांगत सुटले की लेकीच्या दारात नळ आहे आणि पाणी गोड आहे.

गोड! डोंबलाचं गोड! त्यांची पाठ वळल्यावर मी घोट घेतला आणि थुंकला. घाटाखाली पूर्णेच्या अंगाला सारा खारपाणपट्टा, जमिनीतच खार. त्या पाण्यात डाळ टाका, दोन तास उकळा, डाळ ती डाळ आणि पाणी ते पाणी. साबण लावला की फेस नाही, नुसत्या दह्यासारख्या गुठळ्या. माठाला महिन्याभरात पांढरं फुटलं, भोकं बुजली आणि भर उन्हाळ्यात त्यातलं पाणी कोमट. चहाच्या किटलीचं तर विचारू नकोस. आतून पापुद्रे धरले, पाहुण्यांच्या कपात चहाबरोबर ते पडायचे. एक बाई कपात बोट घालून म्हणाली, साय आहे का हो? मेले मी लाजेनं.

आणि हे सांगू कोणाला? मास्तर म्हणायचे, सवय होईल. यांचं काय जातं, यांना लांबच्या विहिरीच्या पाण्यात शिजलेली डाळ ताटात येत होती. बाबांना कसं सांगणार? ज्या माणसानं पाण्यासाठी अर्धा जन्म दुसऱ्याच्या हाताकडे पाहिलं, त्याला मी लिहू की तुमच्या लेकीच्या नळाला तोंड लावायची सोय नाही? दर पत्रात मी एकच ओळ लिहायचे, येथे पाणी भरपूर आहे. खोटं नव्हतंच ते. भरपूर होतं मेलं.

राहिला बंब. दर रविवारी चिंच आणि राख घेऊन मी त्याच्यावर तुटून पडायचे. असा लखलखायचा की शेजारणी त्यात कुंकू पाहून घ्यायच्या. पाणी तापायला मात्र आधी अर्धा तास, मग तास, मग दीड तास. मी लाकडांना शिव्या घातल्या. मास्तरांना घातल्या, ओली लाकडं आणता म्हणून. दोन वर्षं अशीच काढली.

मग एका सकाळी मास्तर डोक्याला साबण लावून बसलेले आणि बंबानं चर्रर्र आवाज केला. विस्तव असतो त्या मधल्या नळ्यातून पाणी निखाऱ्यांवर धो धो. विस्तव गेला, अंगणभर राखेचा चिखल, आणि मास्तर डोळे मिटून ओरडताहेत, "अगं, पाणी! पाणी!" कुठलं देऊ? त्या पाण्यानंच तर वाट लावली होती.

तांबटानं बंब उघडला आणि आतला नळा मला दाखवला. बोटभर जाड पांढरी खापरी, दगडासारखी. तिच्याखाली तांबं जळून भोक पडलं होतं.

"बाई, घाटावरच्या का?" तो म्हणाला.

"तुमाले कसं समजलं?"

"घाटावरचे लोक बाहेरूनच घासतेत. इथं आतून घासा लागते. पंधरा दिवसांनी चिंचेचं पानी भरून ठेवा, खार सुटते."

म्हणजे औषध माझ्या हातातच होतं! दोन वर्षं मणभर चिंच मी बाहेरच्या बाजूला चोळली. असा संताप आला की सांगता सोय नाही. मायवर, मास्तरांवर, सगळ्यात जास्त स्वतःवर.

आणि तेवढ्यात बाबांचं कार्ड आलं, उद्या येतो. कार्डाला वाटेत एक दिवस जास्त लागला होता, ते सकाळी आलं आणि त्याच दुपारी बाबाही आले. टेकायच्या आधी त्यांनी विचारलं, "बंब कुठी हाय?"

"उजाळाले देला."

ते नळाकडे वळले. मी आडवी गेले, लांबच्या विहिरीचं गोड पाणी खास त्यांच्यासाठी भरून ठेवलं होतं ते पुढे केलं. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं, तोटी सोडली आणि ओंजळ भरून प्यायले. माझा बांध फुटला. "खारं हाय ते बाबा! पयल्यापासून खारं हाय! तुमचा बंब खाल्ला त्यानं!"

बाबांनी मिशी पुसली. "मले मालूम हाय. पयल्याच दिवशी समजलं."

"मंग गोड काऊन म्हतलं?"

"माह्या लेकीचा नळ," ते म्हणाले. "त्याच्या पयल्या घोटाले मी खारं म्हनू?"

मी रडले, आणि रडता रडता भांडले. तेव्हाच बोलला असता तर कोणाला तरी विचारलं असतं, बंब वाचला असता! ते शांतपणे म्हणाले, "तू बी तं चिठ्ठीत कदी लिहलं नाही." संध्याकाळी दोघं मिळून तांबटाकडे गेलो आणि नवा नळा बसवून आणला.

बाबा गेले त्याला आता तीन पावसाळे झाले. जानेफळला आले की मी वस्तीच्या विहिरीचं पाणी पिते, आणि सुमे, तुला म्हणून सांगते, मला ते आता मिळमिळीत लागतं. ज्या पाण्यासाठी जीव तुटायचा तेच पाणी! जीभसुद्धा घाटाखालची झाली मेली. मलकापूरच्या नळाला मात्र मी अजून रोज शिव्या घालते. आपल्या घरातल्यालाच माणूस इतक्या हक्कानं शिव्या घालतो.

तुझा बाप बंब घेऊन सोबत येईलच. आपल्या बापाचा लेक आहे तो. आधी नळाशी जाईल, तोटी सोडेल, ओंजळभर पिईल आणि म्हणेल, गोड हाय. म्हणू दे त्याला. तो यष्टीत बसला की घरी परत जा आणि बंबात चिंच टाक. आतून.