काकांचा देशोदेशींचा चहा

उदगीरच्या पुढं कधी पाऊल न टाकता जगातल्या एकूण एक देशांचा चहा प्यायलेला माणूस आमच्या घराण्यात होऊन गेला, आणि तो माझा सख्खा काका होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं तेव्हा नव्या कचेरीत ते कारकून म्हणून आले. पाठोपाठ दुष्काळ आला, आणि काकांच्या चहाला खरा बहर त्या टंचाईतच आला. वाचनालयाच्या रद्दीत त्यांना देशोदेशींच्या चहावरचं एक पुस्तक मिळालं होतं. तेव्हापासून आमच्या घरात काही संपलं असं कधी झालंच नाही. फक्त देश बदलायचा. दूध नसलं की चीन. साखर संपली की रशिया, म्हणजे जिभेवर गुळांब्याचं बोट ठेवून वरून कोरा चहा ओढायचा. पाणी तळाला गेलं की तुर्कस्तान, कारण तिथं म्हणे एवढ्याशा पेल्यात पितात. तिबेटच्या दिवशी त्यांनी चहात मीठ घातलं आणि लोणी नव्हतं म्हणून करडईचं तेल घालून रवीनं घुसळला.

काकू म्हणाली, "दूध न्हाई तर न्हाई म्हणा की. परक्या मुलखाला कशाला बदनाम करायलात?"

"देशाची चूक नाही, तेल जुनं आहे," असं म्हणून काकांनी कप संपवला. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते.

त्याच उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळकडच्या एका वस्तीचा टँकरसाठीचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता. वस्तीतल्या धुरपताबाई दर सोमवारी येऊन दारात बसायच्या. "सायेब, आज तरी झालं का?" एवढंच विचारायच्या. सही मोठ्या साहेबांची हवी होती आणि ते कागद न बघताच "बघू" म्हणायचे. शेवटी काकांनी साहेबांना घरी जपानी चहाला बोलावलं.

जपानी चहा गुडघ्यांवर बसून, कप हातात फिरवत, एक शब्द न बोलता प्यायचा असतो. साहेब चांगले भरल्या अंगाचे. अर्ध्या तासानं कप रिकामा झाला, पण साहेबांना उठता येईना. पाय बधिर झाले होते.

"यातून उठायचं कसं असतं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ते पान फाटलंय, साहेब," काका म्हणाले.

काकू आतून म्हणाली, "मुंग्या जाईस्तोवर तेवढा कागद तरी बघा म्हणावं."

काकांनी अर्ज पुढं केला. साहेबांनी बसल्या जागी तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला. "चार मैलांवरून पाणी आणतात?" त्यांनी विचारलं. काकांनी मान डोलावली. साहेबांनी सही केली आणि मग काका, काकू आणि मी, आम्ही तिघांनी मिळून त्यांना उभं केलं.

टँकर सुरू झाल्यावर काका मला घेऊन वस्तीवर गेले. धुरपताबाईंनी चहा केला. एक कप काकांना दिला, एक मला, आणि स्वतःचा घेऊन त्या समोर बसल्या. आता कुठला देश निघतो, म्हणून मी काकांकडं बघत होते. पण ते कप दोन्ही हातांत धरून गुपचूप पीत राहिले. परतीच्या एस.टी.त लातूर जवळ आल्यावर म्हणाले, "तिच्या कपात नुसतं गरम पाणी होतं गं."

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी चहापत्तीचा मोठा पुडा घेतला आणि शिरूरला निघालेल्या गाडीच्या कंडक्टरकडं धुरपताबाईंचं नाव दोनदा सांगून दिला. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली तरी ते तिथंच उभे होते.