रिकामं डालं

मावशीच्या परसात बांबूचं डालं उपडं पडलं आहे. एरवी संध्याकाळी त्याखाली कोंबड्यांची कुरकुर चालायची. मानमोडीच्या साथीत सगळ्या गेल्या. आधी तांबडी आजारी पडली. तिची मान वाकडी झाली, तेव्हा मावशीनं तिला ऊब मिळावी म्हणून बाकीच्यांबरोबर एकाच डाल्याखाली झाकलं, आणि तिचा आजार बाकीच्यांनाही लागला.

"शरीरातली पेशी आपलाच केरकचरा खाऊन स्वतःला साफ ठेवते," जनावरांचे डॉक्टर सांगत होते. "मानमोडीचा विषाणू ती सफाईच आपल्या कामाला जुंपतो आणि तिच्या जोरावर आपली पिलावळ वाढवतो."

ऐकून मला उगाच राग आला. घर झाडून राखणाऱ्या हातांनीच परक्याचा संसार थाटून द्यावा, हा कुठला न्याय? पेशीची सफाई काय, मावशीची माया काय, त्या आजाराला दोन्ही आयत्याच मिळाल्या.

"उबेलाच ठेवली होती रे तिला," मावशी म्हणाली. तिनं डालं उचललं, झटकलं आणि पुन्हा हळूच टेकवलं, कडेखाली कुणाचा पाय सापडू नये अशा बेतानं.